वजा केलेली पावलं

करंजवेळच्या किनाऱ्यावर जवळजवळ तीन वर्षं एकच माणूस चालत होता, आणि किनारा तपासणाऱ्या यंत्राच्या लेखी तोही चालत नव्हता.

उल्हास टिकम त्याचं नाव. साठीला टेकलेला, अंगाने काटक, पिढ्यान्‌पिढ्या मासे मारणारा गाबीत माणूस. उजव्या घोट्यावर राखाडी रंगाचा एक पट्टा. पट्टा पायात असला की वाळूतलं यंत्र त्याची पावलं ओळखायचं आणि हिशोबातून गुमान वजा करून टाकायचं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा उल्हास मोठ्याने हसला होता. मेल्यावर रेशनकार्डातून नाव जातं हे त्याला ठाऊक होतं, पण चालताबोलता वजा झालेला आपण पहिलेच, असं तो यंत्र बसवायला आलेल्या डॉक्टर आसावरी मोघ्यांना म्हणाला. त्याही हसल्या. सुगंधा, म्हणजे उल्हासची बायको, तिने मात्र असलं अभद्र बोलू नका म्हणून त्याला दटावलं होतं.

आता हे यंत्र काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. वाळू म्हणजे निर्जीव असं आपण धरून चालतो. बसलो, उठलो, कपडे झटकले, झालं. पण वाळूच्या दोन कणांमध्ये पाणी असतं, त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात, आणि भरती-ओहोटीबरोबर ते पाणी आतबाहेर होत राहतं. घाण आत जाते, जीव ती खातात, पाणी निवळून बाहेर येतं. किनारा श्वास घेतो म्हणतात तो हा असा, त्यात कविता काही नाही. वाळूतल्या पांढऱ्या कुर्ल्या रोज नवी बिळं पाडतात, त्या बिळांतून हवा खोलवर पोचते. हे सगळं थांबलं की वीतभर खालची वाळू काळी पडते आणि तिला कुजक्या अंड्यांचा वास मारतो. करंजवेळला तो वास घराघरांत यायला लागला होता.

येणारच. वीस वर्षांत मासेमारीचं गाव पाहुण्यांचं गाव झालं. वाळूवरून चारचाकी फटफट्या धावायच्या, किनाऱ्यावर खुर्च्या-टेबलं मांडून जेवणावळी चालायच्या, दिवे पहाटेपर्यंत जळायचे आणि दर घरामागचा शोषखड्डा भरून वाहायचा. दिवसभर दाबली गेलेली वाळू रस्त्यासारखी कडक झाली. कोणा एकाला बोल लावावा असं नव्हतं, सगळ्यांचेच हात त्यात होते. उल्हासच्याही दोन फटफट्या होत्या.

मग सरकारने किनाऱ्यांच्या तब्येतीचा कायदा केला. मोघ्यांच्या संस्थेने साऱ्या किनाऱ्यात हातभर खोल काचेच्या तारा पुरल्या, केसाएवढ्या बारीक. तारेतून प्रकाश वाहतो. वर काही हललं की तो किंचित थरथरतो, आणि त्या थरथरीवरून यंत्राला कळतं की वर कुर्ली उकरते आहे, गाडी चालली आहे की माणूस. जोडीला वाळूतल्या पाण्याचा प्राणवायू मोजणाऱ्या नळ्या. या सगळ्यावरून शंभरपैकी एक आकडा निघायचा, श्वासांक म्हणून. नाडी बघून बोलतं आणि कडू औषध देतं म्हणून गावाने यंत्राचं नाव ठेवलं वैद्यबुवा.

वैद्यबुवांनी करंजवेळला पहिलाच आकडा दिला तो एकोणतीस. औषधही सांगून टाकलं. किनाऱ्यावरच्या सगळ्या वाडीने तीन वर्षं उठून वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या जांभ्या पठारावर जायचं. तीन वर्षांत आकडा सत्तरला पोचला तर काही अटी पाळून परत यायचं. नाही पोचला तर किनारा कायमचा बंद, आणि घरं पाडून टाकायची.

असलं ऐकून दुसरं गाव पेटून उठलं असतं. करंजवेळ उठलं नाही, कारण या गावाला पळणीची सवय होती. पळण म्हणजे गावपळण. दर काही वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जायचं आणि झोपड्या घालून तीन दिवस तीन रात्री तिथेच काढायचं. मागे गावात दिवा नाही, चूल नाही, हाक नाही. देवाने पुन्हा कौल दिला की वाजतगाजत परत. पोरांची तर ती सहलच असायची. तेव्हा गावाने असा विचार केला, की ही मोठी पळण समजू, आणि कौल देवाऐवजी वैद्यबुवा देतील.

घोळ झाला तो एकाच ठिकाणी. लाटांनी तारा उघड्या पडतात, त्या पुन्हा पुरायच्या, नळ्या साफ करायच्या, म्हणून कोणीतरी एकाने मागे राहायला हवं, असं मोघे म्हणाल्या. गावकीचं सगळं बघणारे म्हातारे बाबी गावकर त्यावर अडून बसले. "पळणीत कोंबो सुदिक मागे रवना नाय," ते म्हणाले. मोघ्यांनी त्यांना पट्टा दाखवला, वजाबाकी समजावून सांगितली. माणूस असेल पण हिशोबात नसेल, हे ऐकून लोकांना गंमत वाटली आणि बाबींचं म्हणणं मागे पडलं. उल्हासने हात वर केला. त्याचं घर पाण्याच्या सगळ्यात जवळ होतं आणि ते बंद पडलेलं त्याला बघवलं नसतं.

राहायचं एकालाच होतं, म्हणून सुगंधा मुलीबरोबर वर गेली. मुलगी रेवती सड्यावरच्या शाळेत शिकवायची, तिचा नवरा बोटीवर. सरकारने सड्यावर चिऱ्यांच्या घरांची एक वसाहत बांधून दिली होती. खालून वर जायला जांभ्यात खोदलेली जुनी घाटी, आणि दर रविवारी उल्हास ती चढून बायकोकडे जेवायला जायचा.

पहिलं वर्ष त्याला फार जड गेलं, हे कबूल केलं पाहिजे. गर्दीची सवय झालेला माणूस तो. घरातून निघताना ओटीवर कोणी नसतानाही तो येतो म्हणून सांगायचा. मग हळूहळू किनारा सुधारताना दिसायला लागला. वास गेला, वाळू पुन्हा भुसभुशीत झाली, पावलागणिक कुर्ल्या पळायला लागल्या. मोघ्यांनी त्याला तारांचा आवाज ऐकायचं एक लहानसं यंत्र दिलं होतं. कानाला लावलं की जमिनीखालून हजारो कुर्ल्यांच्या उकरण्याचा आवाज यायचा, फोडणीत मोहरी तडतडते तसा. उल्हास चहा पिताना, जाळं विणताना, जेवताना तो ऐकत बसायचा. बोलणारं कोणी नसलं तरी घरात काहीतरी शिजतं आहे असं त्याला वाटायचं.

पहिल्या वर्षअखेरीस आकडा अठ्ठेचाळीसवर गेला. दुसरा पावसाळा सरता सरता सहासष्ट. वसाहतीत लोक परतीच्या गोष्टी बोलायला लागले. आणि त्याच दिवाळीनंतर सुगंधाच्या छातीत कफ धरला.

ती चार दिवस तापात होती. शेवटच्या रविवारी उल्हास उशाशी बसला होता, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माका घराक घेवन चला." उल्हास म्हणाला, थोडे महिने कळ काढ, आकडा भरतच आलाय. बुधवारी ती गेली. माणसाच्या तोंडून कधी कधी असं काहीतरी निघून जातं, आणि पुढे जन्मभर तेच कानात राहतं.

दहाव्याला पिंड मात्र तिच्या किनाऱ्यावरच ठेवायचा, असा उल्हासने हट्ट धरला. पायात पट्टे घालून उतरायची चार माणसांना खास परवानगी मिळाली. पिंड ठेवला आणि सगळे लांब जाऊन बसले, तर कावळाच नाही. कावळे असतात ते माणसांच्या खरकट्यावर, आणि त्या किनाऱ्यावर दोन वर्षांत खरकटं पडलं नव्हतं. सूर्य माथ्यावर आला तेव्हा कुठे एक कावळा उतरला, डाव्या पायाने लंगडणारा. पिंडाभोवती फिरला, पण शिवेना. बाबी गावकर म्हणाले, तिचं मन कशात अडकलंय ते विचार. उल्हासला विचारायची गरज नव्हती. त्याने हात जोडले.

"गावाक परत आणतलंय, तुझ्या घरात चूल पेटतली," तो म्हणाला. "तवसर रोज तुझो घास तुझ्या दारात ठेवतलंय."

कावळा शिवला. उल्हास त्या दिवशी पहिल्यांदा रडला, चार माणसांसमोर, तोंड न झाकता.

तेव्हापासून रोज दुपारी जेवायच्या आधी तो मूठभर भात, त्यावर चमचाभर माशाचं सार, पानावर घेऊन दारापुढच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर ठेवायचा. लंगडा कावळा यायचा. तो नर होता की मादी कोण जाणे, उल्हास त्याच्याशी बायकोशी बोलावं तसं बोलायचा. आज तार कुठे उघडी पडली, रेवतीचा फोन आला की नाही, सार खारट झालंय का. कावळा मान वाकडी करून ऐकायचा. थोड्या दिवसांनी तो जोडीदार घेऊन आला, मग आणखी चारपाच आले. त्याने भाताची मूठ थोडी मोठी केली. उन्हाळ्यापर्यंत घरामागच्या सुरूच्या बनात घरटी झाली आणि दुपारी गडगा काळाभोर दिसायला लागला. खरं सांगायचं तर उल्हासला ते बरं वाटायचं. इतकी वाट बघणारं त्याला आता जगात दुसरं कोण होतं?

आकडा मात्र सहासष्टवर येऊन जो बसला तो बसला. कधी पासष्ट, कधी सहासष्ट. तिसरा पावसाळा आला नि गेला तरी हलेना.

वसाहतीत कुजबूज सुरू झाली. सुगंधा गेली तेव्हापासून आकडा थांबला, म्हणजे बाईचा जीव किनाऱ्यावर घुटमळतोय, असं काही जण म्हणायला लागले. काही जणांचा संशय त्याहून साधा होता. एवढा किनारा एकट्याला मिळालाय, उल्हास कशाला गावाला परत येऊ देईल? हे बोलणं रेवतीच्या कानावर रोज पडायचं. एका रविवारी तिने वडिलांना ताट वाढलं आणि समोर उभी राहून म्हणाली, "बाबा, तुमकां थय एकट्याक रवाक बरा वाटता. म्हणान आई गेली तरी तुमी वर येनास नाय."

उल्हासने कालवलेला भात तसाच ठेवला. तो उठला, हात धुतले आणि घाटी उतरला. पुढचे दोन रविवार तो वर गेलाच नाही.

मुदत संपायला अडीच महिने उरले तेव्हा डॉक्टर मोघे स्वतः आल्या, पायात पट्टा घालून. पडवीत बसल्या, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या. मग यंत्र काढून म्हणाल्या, टिकमकाका, तुम्हाला दोन दुपारी ऐकवायच्या आहेत. पहिली होती आदल्या वर्षीची. तीच ती तडतड, उल्हासच्या ओळखीची. दुसरी परवाची. तिच्यात तडतड जवळजवळ नव्हतीच. त्याऐवजी टुप टुप असं काहीतरी होतं, हलकं, पुष्कळ ठिकाणी एकदम. मधूनच एखादी खरखर उठायची आणि तुटायची.

त्यांनी विचारलं, हे काय असेल, आमच्या यंत्राला हा आवाज शिकवलेला नाही.

उल्हासला तो पहिल्या टुपलाच समजला होता. जेवताना ऐकायची सवय त्याने कधीच सोडली होती, कारण जेवताना आता बोलायला कोणीतरी होतं, त्यामुळे दुपार कधी शांत झाली हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो उठला आणि मोघ्यांना बाहेर घेऊन गेला. गडग्यावर, छपरावर, माडांवर कावळे बसले होते. ओल्या वाळूत आणखी वीसपंचवीस कावळे उड्या मारत फिरत होते. दुपारच्या घासाला अजून वेळ होता, तोवर ते मधलं खाणं करत होते. एकाने बिळातून बोटाएवढी कुर्ली ओढून काढली आणि दगडावर आपटली.

मोघ्यांनी कावळे मोजले, चाळीसएक भरले. मग त्यांनी त्याला समजावून सांगितलं, आवाज चढवून नव्हे, उलट अपराध्यासारखं. कावळा हा या वाळूचा पक्षी नाही. माणसाच्या ताटाभोवती राहतो तो. मूठभर भातावर चाळीस कावळ्यांचं पोट भरत नाही, पण त्या मुठीच्या आशेवर ते इथे राहतात आणि बाकीची भूक कुर्ल्यांच्या पिल्लांवर भागवतात. कुर्ली नाही तर बीळ नाही, बीळ नाही तर खाली हवा नाही. आकडा चढेल कसा?

"तुमची पावलं आम्ही वजा केली, काका," त्या म्हणाल्या. "तुमचं जेवण वजा करायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. चूक आमची आहे."

उल्हासने त्यांना दहाव्याची हकिगत सांगितली. एवढ्या शिकलेल्या बाईला ती सांगताना त्याला संकोच वाटत होता. मोघ्यांनी मान खाली घालून ऐकून घेतली. पिंजरे लावून कावळे पकडता येतील, असं त्या म्हणायला गेल्या, पण त्याचा चेहरा बघून त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. निर्णय तुमचा, एवढं बोलून त्या घाटी चढून गेल्या.

मागे उल्हास आणि त्याची दोन वचनं. गाव परत आणायचं तर घास बंद करायला हवा होता, आणि घास चालू ठेवायचा तर गावाची घरं पडणार होती. एकाच तोंडाने, एकाच श्वासात दिलेली वचनं ती. सुगंधा असती तर म्हणाली असती, तुमी बोलायच्या आधी जरा इचार करा म्हणून मी जन्मभर सांगत इलंय.

दुसऱ्या दिवशी त्याने घास ठेवला नाही. दार लावून, पाठ दाराकडे करून जेवायला बसला. बाहेर कावळ्यांनी कालवा मांडला. लंगडा खिडकीच्या गजावर येऊन बसला आणि आत बघत राहिला, ओरडला नाही काही नाही. उल्हासला आपण बायकोला दाराबाहेर उपाशी बसवलं आहे असं वाटलं आणि त्याने ताट तसंच सारलं. आठवडाभर त्याने हे सोसलं. आठवड्याने आकडा आला चौसष्ट. भुकेले कावळे कुठे गेले नव्हते, कुर्ल्यांवर दुपटीने तुटून पडले होते. धुराडं चालू होतं, माणूस समोर दिसत होता, आज ना उद्या भात मिळणार याची त्यांना खात्री होती.

रविवारी तो वर गेला आणि रेवतीला सगळं सांगितलं. ती भांडेल असं त्याला वाटलं होतं. ती नुसती त्याच्या शेजारी येऊन बसली.

"आई माझी पण होती, बाबा," ती म्हणाली. "तुमी माका कधी बोलवल्यास नाय घास ठेवाक."

 वर्षभर आपणच एकटे आहोत असं उल्हास धरून बसला होता, आणि लेक इथे वर तितकीच एकटी होती.

परत निघाला तेव्हा घाटीच्या मधल्या वळणावर, काजूच्या झाडावर लंगडा बसलेला दिसला. सकाळी तो उल्हासच्या मागोमाग तिथवर आला होता. कावळे माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं विसरत नाहीत, असं मोघे बोलता बोलता म्हणाल्या होत्या. उल्हास त्या झाडाखाली उभा राहिला. त्याने लंगड्याकडे बघितलं, खाली आपल्या घराकडे बघितलं, मग वर सड्याकडे. आणि मग तो, कितीतरी महिन्यांनी, हसला.

सोमवारी त्याने भात शिजवला, पण गडग्यावर ठेवला नाही. पान घेऊन घरामागच्या विहिरीपर्यंत गेला आणि काठावर ठेवलं. कावळे गोंधळले, ओरडले, मग आले. दोन दिवस तिथे. मग घाटीच्या पायथ्याशी. मग काजूखाली. दर वेळी मूठ थोडी मोठी आणि जागा थोडी वर. भरल्या हाताने घाटी चढणारा तो म्हातारा आणि त्याच्या डोक्यावर ओरडत चाललेले ते कावळे, कोणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. बघणारं कोणी नव्हतं, ते एक बरं होतं.

पंधरवड्यात घास सड्याच्या काठावर पोचला. त्या दिवशी उल्हासने घरातला शेवटचा विस्तव विझवला, कवाडं लावली आणि ओटीवर बसून घोट्याचा पट्टा सोडून ठेवला. पावसाळ्याच्या लाटा निवळल्या होत्या, तारांना मुदतीपर्यंत राखण लागणार नव्हती, आणि आता वजा करायला कोणी राहणार नव्हतं. तो दारातून निघाला, वाळूच्या कडेने चालला, एकदा थांबून मागे बघितलं आणि घाटीला लागला. मोघ्यांनी नंतर त्याला सांगितलं, की त्या दिवशी वैद्यबुवांनी जवळजवळ तीन वर्षांनी पहिल्यांदा किनाऱ्यावर माणूस आल्याची नोंद केली होती, आणि लगेच गेल्याची.

वसाहतीच्या टोकाला एक रिकामी खोली होती, ती त्याने घेतली. समोरच्या आकेशियाच्या झाडांवर कावळे मुक्कामाला आले. शेजारपाजारच्यांनी आधी नाकं मुरडली. कारण कळल्यावर बायका आपणहून तांदूळ आणून द्यायला लागल्या, आणि ज्यांनी उल्हासवर संशय घेतला होता त्यांनी वाट बदलून त्याला नजर द्यायचं टाळलं. घास ठेवताना आता रेवती त्याच्याबरोबर उभी असायची.

खाली किनारा खरोखरच ओस पडला. कोंबडादेखील मागे राहिला नाही. आकडा चौसष्टवरून पासष्ट झाला, मग सदुसष्ट, मग अडुसष्ट. दिवाळी झाली. मुदतीला थोडे दिवस राहिले असताना मोघ्यांचा फोन आला. सत्तर.

सड्यावर ढोल वाजले. तीन वर्षांची बिऱ्हाडं बांधायला सुरुवात झाली. परतीच्या अटी होत्याच. वाळूवर गाडी नाही, किनाऱ्यावर रोषणाई नाही, उष्टंखरकटं बाहेर टाकायचं नाही, पितरांचा घाससुद्धा खाली ठेवायचा नाही. सगळ्यांनी सगळं कबूल केलं. उल्हास एकेका घराला गाठोडी बांधायला मदत करत फिरत होता, आणि त्याची स्वतःची खोली जशीच्या तशी होती. हे आधी रेवतीच्या लक्षात आलं.

तिने विचारलं तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं. हे कावळे घराच्या मागे नाहीत, गावाच्या मागे नाहीत. ते त्याच्या चेहऱ्यामागे आहेत. तो खाली उतरला की ते उतरणार. रेवती म्हणाली, मी इथे राहते, मी घास ठेवते. पण ते दोघांनी करून बघितलेलं होतं. तिच्या हातचा भात कावळे खायचे आणि उल्हास निघाला की त्याच्याबरोबर उडायचे. मोघ्यांनीही चारपाच वर्षं तरी असंच चालेल म्हणून सांगितलं होतं, कावळ्यांची पुढची पिढी सड्यालाच आपलं म्हणेपर्यंत. रेवती रडली, भांडली, शेवटी बाबी गावकरांना घेऊन आली. बाबी काठी टेकत त्याच्या दारात उभे राहिले.

"पळण सरली की भायर पण कोण रवना नाय, उल्हास," ते म्हणाले.

उल्हास हसला आणि म्हणाला, मी गावात धरलेला नव्हतोच, मग बाहेर तरी मला कोण धरणार? बाबींना काही हसू आलं नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.  आपल्या घराच्या ओटीवर बसून समुद्र बघायला उल्हासला आवडलं नसतं असं कोण म्हणेल? पण गाव परत आणायचा शब्द त्याने दिला होता, आणि त्या शब्दात आपण स्वतः असू की नाही हे सांगायचं राहून गेलं होतं.

सकाळी ढोलताशांसह गाव घाटीने उतरलं. उल्हास काजूच्या वळणाच्याही अलीकडे थांबला आणि सगळ्यात शेवटी चालणाऱ्या रेवतीला हात केला. आवाज लांब लांब जात बंद झाला. वसाहतीत मग उघड्या दारांशिवाय काही नव्हतं. कोणाचे तरी दोरीवर विसरलेले टॉवेल तेवढे वाऱ्यावर हलत होते.

दुपार व्हायला आली तसा त्याने भात उतरवला. सड्याच्या काठावरून खाली आपल्या घराचं कौलारू छप्पर दिसत होतं. त्याच्यातून धूर निघाला, आधी बारीक, मग चांगला जाड. रेवतीने चूल पेटवली होती. गॅस असताना मुद्दाम चूल पेटवली होती. उल्हासने आवाजाचं यंत्र कानाला लावलं. भरदुपारी खाली मोहरी तडतडत होती, साऱ्या किनाऱ्यावर. तिच्यात माणसांची पावलं होती, पुष्कळ, आणि एक पाऊल त्याला ओळखू आलं. त्याच्या दारातून निघून पाण्यापर्यंत गेलं, थोडं थांबलं, परत फिरलं. वैद्यबुवा ती सगळी पावलं एक एक करून मोजत होते. त्यांच्या हिशोबात आता एक उल्हास तेवढा नव्हता, वजा करण्यापुरताही नव्हता.

त्याने यंत्र बंद केलं आणि पान घेऊन बाहेर आला. आकेशियावरून कावळे उतरले, पण नेहमीप्रमाणे लंगड्याला पुढे येऊ दिलं. उल्हासने भात ठेवला, सार घातलं.

"जेव गो," तो म्हणाला. "सगळी घराक पोचली."

कावळा शिवला. मग उल्हास आत गेला, आणि आपलं ताट वाढून घेऊन जेवायला बसला.